बटाट्याला नथ

बटाट्याला नथ टोचून ती विकायला मांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका आडगल्लीत, खाटकाच्या दुकानाला लागून त्यांचं दागिन्यांचं दुकान होतं. काचेमागच्या फळीवर बटाटे ओळीनं बसवलेले, आणि प्रत्येकाच्या नाकात मोत्याची नथ. नाकात हे मी विचार करूनच लिहितोय. बाजारातल्या बटाटेवाल्याची पेटी उपसून त्यांनी टेंगूळ आलेले तेवढेच बटाटे निवडून आणले होते. "सगळ्या बटाट्यांना नाक नसतं," त्या म्हणायच्या. "माणसांचंही तसंच आहे, पण ती पेटीतून निवडता येत नाहीत." रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे, हसायचे, आणि हसता हसता आत यायचे. शनिवारी संध्याकाळी नथी काढून त्याच बटाट्यांची भाजी व्हायची. बटाटा वाया घालवलेला आपल्या आजीला चालला नसता, असं शेजारचा खाटीक एकदा म्हणाला होता, म्हणून त्या भाजीतली एक वाटी त्याच्याकडे जायची. मोहरी घातलेली ती भाजी तो सॉसेजबरोबर खायचा आणि 'ग्रँड' म्हणायचा. त्यांना तो शब्द आवडायचा नाही. "इथे पाऊस ग्रँड, तब्येत ग्रँड, बाप गेला तरी मुलगा ग्रँड. मग खरंच काही चांगलं असलं तर काय म्हणणार?"

मी पहिल्यांदा गेलो तो बायकोबरोबर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत घालायला तिला नथ हवी होती. ती नथ बघत होती आणि मी दिवा. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात मी तपासणीचं काम बघतो. केसाएवढ्या नळीवरचा ओरखडा कुठल्या उजेडात दिसतो, यावर माझं पोट चालतं.

"सॉरी काकू, पण तुमचा दिवा चुकीचा आहे," मी म्हणालो. "मोती शिळ्या भातासारखे दिसतायत."

"पहिलं म्हणजे, मी तुझ्या कुठल्या काकाशी लग्न केलं?" त्या म्हणाल्या. "दुसरं, सॉरी कशाला? दिवा तू लावलास का? आणि चुकीचा आहे तर बरोबर कर."

पुढच्या शनिवारी मी शिडी घेऊन गेलो. मग शनिवारी जायची सवयच लागली. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणायचे, मीही म्हणू लागलो. मला त्या इंजिनियर म्हणायच्या. माझं नाव त्यांना माहीत होतं का, याची मला अजून खात्री नाही.

माझ्या सॉरीबद्दल थोडं सांगायला हवं. वडील गेल्यावर आईला इचलकरंजीत एकटं सोडून मी परतीच्या विमानात बसलो, तेव्हापासून मला कशाबद्दलही अपराधी वाटतं. भाजी उरली तरी वाटतं, फोन उशिरा उचलला तरी वाटतं. आयर्लंड अशा माणसाला सोयीचं आहे. इथे तुम्ही कुणाच्या पायावर पाय दिला तर तोच सॉरी म्हणतो. डॉक्टरबाईंना मात्र हे सहन व्हायचं नाही. काउंटरखालच्या कपाटात, इथल्या भाषेत प्रेसमध्ये, त्यांनी एक कप्पा रिकामा ठेवला होता. मी सॉरी म्हटलं की त्या तो उघडायच्या. "टाक ह्यात. भरला की एकदम समुद्रात टाकून येऊ."

त्या मूळच्या कोल्हापूरच्या, गुजरीतल्या सराफाच्या घरातल्या. शिकून भूलतज्ज्ञ झाल्या आणि लेटरकेनीच्या हॉस्पिटलात बरीच वर्षं काढली. लग्न केलं नाही. निवृत्तीला वेळ असताना एके दिवशी नोकरी सोडली, गॉलवेला आल्या आणि दुकान थाटलं. का सोडली, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं. "कंटाळा आला. जन्मभर माणसांना झोपवलं, आता दागिन्यांना उठवते."

या उठवण्यावर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं. दागिना आडवा ठेवायचा नाही. मखमलीवर निजवलेला हार त्यांना ऑपरेशनच्या टेबलावरच्या पेशंटसारखा दिसे. दागिना लटकला पाहिजे, हलला पाहिजे, कशात तरी अडकला पाहिजे. "बाईच्या अंगावर तो अडकलेलाच असतो की. केसात, पदरात, नाहीतर पोराच्या मुठीत." डब्लिनहून एकदा एक विक्रेता आला. दुकानात मांडायचे मखमली गळे विकायचा. नमुन्याचा एक फुकट ठेवून गेला. "मुंडकं उडवलेल्या बाईच्या गळ्यात मी काही घालणार नाही," असं म्हणून डॉक्टरबाईंनी तो गळा मागच्या सिंकपाशी नेला आणि त्यावर भांडी पुसायचं फडकं वाळत घातलं. ते शेवटपर्यंत तिथेच वाळत असे.

गॉलवेच्या वाऱ्यात छत्री फार टिकत नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या कचरापेट्यांतून मोडक्या छत्र्यांचे पाय वर आलेले असतात. एकदा डॉक्टरबाई त्या गोळा करत गावभर हिंडल्या. कापड फाडून टाकलं, काड्या ठेवल्या, सांगाडे छताला उलटे टांगले आणि काडीकाडीच्या टोकाला झुमका अडकवला. दार उघडलं की सगळे झुमके हलायचे. गल्लीतल्या एका बाईनं आपल्या छत्रीची मूठ ओळखली आणि तिच्यावरचे झुमके हट्टानं विकत घेतले. खोबरं किसायच्या किसणीच्या भोकाभोकांत कुड्या बसवलेल्या असायच्या, लाटण्यावर पाटल्या.

मंगळसूत्रांची मांडणी मात्र पुष्कळांना खपली नाही. ती त्यांनी हॉस्पिटलात असतो तसल्या स्टीलच्या, वाकड्या किडनी ट्रेमध्ये ठेवली होती. त्यांच्या दुकानात आडवा ठेवलेला दागिना तेवढा एकच. माझी बायको सरळ म्हणाली, "डॉक्टरबाई, हे अशुभ दिसतं."

"तुला दिसतं," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यात जास्त मंगळसूत्रं ह्याच भांड्यात पाहिलीत. भूल द्यायच्या आधी काढून ठेवायला लावतो. शुद्धीवर आली की बाई नवऱ्याच्या आधी ह्या ट्रेबद्दल विचारते."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "खरं आहे. सिझेरियननंतर मी तेच विचारलं होतं. आठवतं तुला?" मला आठवत नव्हतं. पुढच्या शनिवारी ते सांगून मी कप्प्यात एक सॉरी टाकलं.

शब्दांच्या बाबतीत त्या आपल्या घराण्यातून एक पाऊल बाहेर आल्या नव्हत्या. एकदा शिडीवरून उतरताना माझ्या कोपरानं हिरव्या काचेच्या बांगड्या खाली गेल्या. "फुटल्या," मी म्हणालो. त्या एवढ्या रागावलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. "वाढवल्या म्हण. सराफाच्या घरात काही फुटत नाही आणि काही मोडत नाही. सगळं वाढतं." मी बांगड्या वाढवल्या असं म्हणालो आणि तुकडे गोळा केले. हा शब्द मला अगदीच नवा नव्हता, आमच्या घरीही म्हणायचे. फक्त तो बांगड्यांपुरता आणि नारळापुरता आहे, असं मला वाटत होतं.

त्यांचं माझ्याकडे एकच मागणं असायचं. "इंजिनियर, उजेड वाढव." मी वाढवायचो. एका दिव्याच्या जागी तीन आले, मग छताला पट्टी, मग फळीच्या खालूनही. खाटीक म्हणाला, "युअर वूमनच्या दुकानावर एखाद दिवशी विमान उतरेल." युअर वूमन म्हणजे इथे नुसतं 'ती बाई'. मला अभिमान वाटायचा. मांडणीही बदलत गेली. किसणी गेली, कुड्या गेल्या, आणि टर्फ आला. टर्फ म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेली जळणाची माती. त्या काळ्या ढेकळांवर चांदीचे जाड तोडे बसले. मग पिठानं भरलेल्या परातीत उभ्या केलेल्या जेवणाच्या काट्यांवर काळ्या मण्यांच्या माळा. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं. डॉक्टरबाईंची नजर आता परिपक्व होत चालली आहे, असं मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंखाली लिहिलं होतं. नजर हाच शब्द मी वापरला होता.

त्याच सुमारास नवा नियम निघाला. दारातून मुक्यानं यायचं नाही. "बोलत ये. गप्प चोर येतात." आयरिश गिऱ्हाइकाला हे सांगावं लागायचं नाही, तो दार उघडायच्या आधीच हवेबद्दल बोलत असतो. मराठी माणसं घुटमळायची. दागिना दाखवताना त्या तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आणि त्यावरून बोट फिरवत बोलायच्या. आम्ही एकमेकांना म्हणायचो, आहेत जरा विक्षिप्त. तशा त्या बटाट्यांच्या काळापासून होत्याच. त्यामुळे त्यात नवीन काय आलंय, हे कुणी बघितलं नाही.

पलीकडचं ट्रॅव्हल एजंटचं दुकान रिकामं झालं तेव्हा त्या सहज म्हणाल्या होत्या, "इंजिनियर, मधली भिंत पाडली तर?" मी घरी बसून नकाशा काढला आणि नेऊन दिला. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि "छान आहे" म्हणाल्या. कागद उलटा होता. मी तो सुलट करून दिला आणि सॉरी म्हणालो.

मग एका गुरुवारी त्यांचा फोन आला. मी कारखान्यातल्या क्लीनरूमबाहेर टोपी आणि गाऊन काढत होतो.

"इंजिनियर, शनिवारी ये. दुकान वाढवतेय. शिडी आण."

"अरे वा," मी म्हणालो. "अभिनंदन, डॉक्टरबाई."

मग त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर बातमी टाकली. डॉक्टरबाई दुकान वाढवतायत, शनिवारी सगळ्यांनी या. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. कुणी केक सांगितला, कुणी नारळ आणायचं कबूल केलं. खाटकाला कळलं तर तो म्हणाला, "एक्स्टेन्शन? प्लॅनिंगची परवानगी मिळाली तिला?" मी म्हणालो, मिळालीच असणार. नव्या भागासाठी दिव्यांची एक लांब पट्टी मी स्वतः जाऊन घेऊन आलो.

आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. शनिवारी तिलाही गाडीत घेतलं. दुकानाशी पोचलो तर काचेमागे काहीच नव्हतं. फळी धुऊन पुसून ठेवलेली. इतक्या वर्षांत ती फळी रिकामी मी प्रथमच पाहत होतो.

"बांधकामाची धूळ बसेल म्हणून काढून ठेवलं असणार," मी बायकोला म्हणालो.

आत मंडळातली माणसं दाटीनं उभी होती. डॉक्टरबाई इरकली लुगड्यात काउंटरमागे उभ्या होत्या आणि समोर पितळेच्या परातीत राहिलेला सगळा माल. प्रत्येक जण अभिनंदन म्हणत होता, त्या "हो, हो" म्हणत होत्या. मंडळाचे अध्यक्ष परदेशात धंद्यात पुढे जाणाऱ्या मराठी माणसावर बोलायला लागले होते. त्या मान कलती करून ऐकत होत्या.

आई गर्दीतून वाट काढत काउंटरपाशी गेली. तिनं रिकामी फळी बघितली, परात बघितली. मग डॉक्टरबाईंचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "वाढवलंसा व्हय दुकान, बाई?"

डॉक्टरबाईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "कुठल्या गावच्या?"

"इचलकरंजी."

"तरीच," त्या म्हणाल्या. "वाढवलं."

"डोळं का?"

"डोळेच. मधलं सगळं गेलं. कडेकडेचं दिसतं थोडं."

"माझ्या आत्याचं असंच झालतं," आई म्हणाली.

मी शिडी धरून बाजूला उभा होतो. "आई, काय झालं?"

"आरं, ती शिडी ठेव खाली. वाढवलं म्हंजी मिटवलं. दुकान बंद केलं, असं सराफ कवा म्हणतोय व्हय?"

मी शिडी भिंतीला टेकवली. त्या क्षणी मला काय काय आठवलं ते सगळं लिहीत नाही. उलटा कागद आठवला. आणि दर खेपेला उजेड वाढवून शिडीवरून खाली उतरताना विचारलेलं "आता कसं दिसतंय?" आठवलं. त्या प्रत्येक वेळी "छान" म्हणाल्या होत्या.

"लेटरकेनीसुद्धा ह्याचसाठी सोडलं," त्या मला म्हणाल्या. "मॉनिटरवरच्या सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. भूल देणाऱ्या बाईला ते चालत नाही. म्हटलं, दागिने वाकडे दिसले तर कुणी मरत नाही."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी सवयीनं वाकून कप्पा उघडला. तोही आतून पुसून ठेवलेला होता.

"आता नको," त्या म्हणाल्या. "स्वच्छ केलाय. तुझ्या दिव्यांवर मी दोन वर्षं जास्तीची काढली, तेवढं पुरे."

"मी सगळ्यांना सांगतो. माझी चूक झाली म्हणून."

"काही सांगायचं नाहीस. लोक नटूनथटून आलेत."

तेवढ्यात दारातून कुणीतरी हाक मारली, "डॉक्टरबाई, चला, नारळ वाढवायचाय." डॉक्टरबाई आणि आई एकदम हसल्या. दोघींनी तोंडावर हात धरला, शाळेतल्या मुली धरतात तसा.

"चला," आई म्हणाली. "त्यो बी वाढवू. एकाच कामात दोन हुत्यात."

पायरीच्या दगडावर डॉक्टरबाईंनी नारळ आपटला. तो काही वाढेना. अध्यक्षांनी करून बघितलं. शेवटी खाटीक आपला सुरा घेऊन आला आणि त्यानं उलट्या बाजूनं एक ठोका दिला. पाणी पायरीवरून गल्लीत गेलं. खाटकानं विचारलं, याचं आता काय करायचं, आणि बायकोनं त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

मग डॉक्टरबाईंनी परात काउंटरच्या कडेला ओढली. "आता एकेक जण पुढे या. आणि बोलत या."

त्या प्रत्येकाचा गळा, कान, मनगट चाचपायच्या, परातीत हात घालून दागिना शोधायच्या आणि चढवायच्या. ठुशी, तोडे, बुगड्या. कुणाला काय शोभेल, यात त्या एकदाही अडखळल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. अध्यक्षांच्या हातात त्यांनी बाजूबंद कड्यासारखा घातला आणि तो त्यांच्या कोपरापर्यंत घसरला. खाटकाच्या ॲप्रनच्या बंदाला पैंजण बांधलं. आई मागे सरली. वडील गेल्यापासून तिच्या कानात काही नव्हतं.

"मला नगं, बाई. मी आता काय घालायचं?"

"मी तर नवरा नसताना जन्मभर घातलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कान पुढे करा." आईनं कान पुढे केला. कुड्या बसेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले होते.

"डॉक्टरबाई, हे विकत का भेट?" कुणीतरी विचारलं.

"ही मांडणी आहे," त्या म्हणाल्या. "आता गल्लीतून निघा, मोठ्या रस्त्यानं समुद्रापर्यंत चालत जा. बसायचं नाही, आडवं तर मुळीच पडायचं नाही. कुणी विचारलं हे कुठून आणलं, तर सांगा, डॉक्टरबाईंनी दुकान वाढवलंय."

सगळे हसले आणि निघाले. वाऱ्यानं बायकांचे पदर उडत होते आणि झुमके हलत होते. खाटीक दुकान उघडं टाकून पैंजण वाजवत मागोमाग गेला. त्यांतल्या बहुतेकांना तेव्हाही वाटत होतं की भिंत पाडायचं काम सोमवारी सुरू होईल.

मी मागे राहिलो. शिडी लावली आणि एकेक दिवा उतरवला. शेवटचा उतरवल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं, कानाची वरची पाळी बोटांनी चाचपली आणि तिथे दाबून काहीतरी बसवलं. भिकबाळी होती. दोन मोती आणि मध्ये लाल खडा. कान टोचायची गरज नसलेली, दाबाची.

"परातीत हीच उरली," त्या म्हणाल्या. "पडली तर शोध. सॉरी म्हणत उभा राहू नकोस."

आता त्या डब्लिनला, सँट्रीमध्ये भाचीच्या फ्लॅटमध्ये असतात. खिडकीवरून विमानं जातात आणि आवाजावरून कुठलं मोठं, कुठलं लहान हे त्या सांगतात. मी अधूनमधून शनिवारी गाडी काढतो. भिकबाळी मी रोज घालतो. क्लीनरूममध्ये दागिना चालत नाही, म्हणून गाऊन घालायच्या खोलीत काढून ठेवतो. तिथे त्यासाठी एक स्टीलचा ट्रे आहे. बाहेर आलो की आधी तो बघतो.

मागच्या खेपेला दारातून बोलतच आत गेलो. त्यांनी नेहमीसारखा माझा कान चाचपला.

"कुणी विचारलं?"

"पेट्रोल पंपावरच्या माणसानं. सांगितलं, दुकान वाढवलंय."

"मग?"

"ग्रँड म्हणाला."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "आणि तुला कशी दिसते रे? खरं सांग."

मी खोलीतल्या आरशात बघितलं. पन्नाशीला आलेला कान, पिकलेले कल्ले आणि त्यात लाल खडा.

"सॉरी, डॉक्टरबाई," मी म्हणालो. "मला काही फारशी शोभत नाही."

"बटाटा बरा होता," त्या म्हणाल्या. "तो निदान सॉरी म्हणत नव्हता."